अँटिबॉडीत बदल करायचे, पण कुठे आणि किती?

यीस्टमास्तर

बाळांच्या आरएसव्ही (बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणारा विषाणू) इंजेक्शनाच्या धाग्यावर अळूवडी यांनी विचारलं होतं, "जुनी अँटिबॉडी दर महिन्याला टोचावी लागायची आणि नवी एकदाच, हे जमवलं कसं?" उत्तर तिथे मावणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं पोट याच कामावर चालतं. कंपनीचं नाव घेणार नाही. खाली जे आहे ते सगळं छापून आलेलंच आहे.

थोडी ओळख आधी. अँटिबॉडी म्हणजे वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन, दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या. प्रत्येक हाताच्या टोकाला सहा वेटोळी असतात, तीन जड साखळीची, तीन हलकीची. त्यांना सीडीआर म्हणतात आणि विषाणूला धरतात ती मुख्यतः हीच. पकड सुधारायची तर या वेटोळ्यांतली अमिनो आम्लं बदलून बघायची. एकेक अँटिबॉडी बनवून तपासत बसलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून जनुकाच्या पातळीवरच कोट्यवधी आवृत्त्यांचं मिश्रण एका नळीत तयार करतात. प्रत्येक आवृत्ती एकेका फाजच्या (जिवाणूंना लागण करणारा विषाणू) किंवा यीस्टपेशीच्या अंगावर मिरवली जाते. मग विषाणूचं प्रथिन आमिष म्हणून टाकायचं आणि ज्यांनी ते घट्ट धरलं ते उचलायचे. प्रत्येकाच्या पोटात त्याचं स्वतःचं जनुक असतंच. ते वाचलं की कोणता बदल जिंकला ते कळतं. या मिश्रणाला आम्ही लायब्ररी म्हणतो. फाजची युक्ती जॉर्ज स्मिथ यांची, १९८५ची. केंब्रिजला ग्रेग विंटर यांच्या गटाने १९९०मध्ये ती अँटिबॉडीसाठी वापरली. २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्यासोबत मिळालं.

आता आरएसव्ही. दर महिन्याला टोचायची ती जुनी अँटिबॉडी म्हणजे पॅलिविझुमॅब. तिला अमेरिकेत १९९८मध्ये मंजुरी मिळाली. अपुऱ्या दिवसांच्या आणि इतर जोखमीच्या बाळांना हंगामभर दर महिन्याला, किलोमागे १५ मिलिग्रॅम. कंपनी मेडइम्यून. पुढे त्यांनीच तिची पकड वाढवायला घेतली. सहाही वेटोळ्यांतली एकेक जागा सुटी धरायची, तिथे वेगवेगळी अमिनो आम्लं बसवून पाहायची, जिथे फायदा दिसेल ते बदल एकत्र गुंफायचे. यातून मोटाविझुमॅब आली. मूळ अँटिबॉडीपेक्षा १३ अमिनो आम्लं वेगळी आणि विषाणूच्या एफ प्रथिनावरची पकड सुमारे ७०पट.

मधली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या वाटेवरच्या काही आवृत्त्या प्रयोगशाळेतल्या बशीत जबरदस्त चालत होत्या, पण प्राण्यांत गेल्यावर फुप्फुसात पुरेशा पोचेनात. शोधल्यावर दिसलं की त्या विषाणूबरोबर शरीराच्या ऊतींनाही चिकटतायत. ज्या बदलांमुळे हे होत होतं ते मागे घ्यावे लागले, तेव्हा कुठे मोटाविझुमॅब औषध म्हणून उभी राहिली. साडेसहा हजारांहून जास्त बाळांवर चाचणी झाली. पॅलिविझुमॅबपेक्षा ती कमी नाही एवढं ठरलं, सरस आहे हे ठरलं नाही, आणि त्वचेवरच्या ॲलर्जीच्या तक्रारी मात्र जास्त आल्या. २०१०मध्ये अमेरिकी एफडीएच्या सल्लागार समितीने नकार दिला आणि त्याच वर्षअखेर कंपनीने अर्ज मागे घेतला.

एकदाच टोचायची ती निरसेव्हिमॅब (युरोपात २०२२, अमेरिकेत २०२३). तिचे हात वेगळ्याच मानवी अँटिबॉडीवरून आलेत. पेशीत शिरण्याआधी एफ प्रथिनाचा जो आकार असतो तो ते धरतात; त्या आकाराची रचना २०१३मध्ये उलगडली. पण महिन्यामहिन्याचं टोचणं थांबलं ते मुख्यतः खोडातल्या, म्हणजे वायच्या खालच्या दांड्यातल्या, तीन बदलांमुळे. २५२, २५४ आणि २५६ या जागांवर टायरोसिन, थ्रिओनिन, ग्लुटामिक आम्ल. आमच्यात याला वायटीई म्हणतात. पॅलिविझुमॅबचा रक्तातला अर्धायुकाल साधारण २० दिवस, निरसेव्हिमॅबचा ७०च्या आसपास.

हे तीन बदलही लायब्ररीतूनच सापडले, त्याच कंपनीत. २००२च्या त्यांच्या निबंधात खोडाचे उत्परिवर्तित तुकडे फाजवर मिरवले होते. म्हणजे हातांवर एवढी मेहनत चालू असताना हवं ते उत्तर दुसऱ्या नळीत होतं. लायब्ररी तुम्ही विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. पकड विचारलीत तर पकड मिळेल, बाळाच्या रक्तात किती दिवस टिकेल ते ती आपणहून सांगणार नाही.

अळूवडी

मास्तर, प्रश्नाचा मान राखलात, आभारी आहे! माझ्या नातवाला अमेरिकेत हीच टोचली, म्हणून कुतूहल. एक बाळबोध शंका. एवढी यंत्रं आहेत तर सगळ्या वेटोळ्यांतल्या सगळ्या जागा एकदमच बदलून का बघत नाहीत? जागा निवडत बसायचंच कशाला?

यीस्टमास्तर

बाळबोध नाही, सगळ्या आखणीचं मूळ तिथेच आहे. एका जागेला २० पर्याय. दहा जागा एकदम मोकळ्या सोडल्या तर २०चा दहावा घात, म्हणजे साधारण १० लाख कोटी आवृत्त्या. फाजची चांगली लायब्ररी हजार ते दहा हजार कोटींची, कारण तेवढंच डीएनए जिवाणूंत घुसवता येतं. यीस्टमध्ये एक कोटी ते शंभर कोटी.

वीस जागा सोडल्या तर? प्रत्येक आवृत्तीचा फक्त एकेक रेणू बनवायचा, तोही अख्खी अँटिबॉडी नाही, नुसता हाताचा तुकडा (वजन ५० हजार डाल्टन). हिशेब केला तर ते प्रथिन साडेआठ टनांहून जास्त भरतं. आणि सहा वेटोळ्यांत मिळून जागा वीसच्या कितीतरी पुढे जातात.

खारीबिस्कीट

मी अशा लायब्ऱ्या बनवून देणाऱ्या बाजूला आहे, त्यामुळे थोडी भर घालते. मास्तरांनी "२० पर्याय" म्हटलं ते कागदावर. डीएनएत अमिनो आम्ल लिहायचं तर तीन अक्षरांचा कोडॉन लागतो, आणि तिथे पहिली गळती होते.

तिन्ही जागी चारही अक्षरं मोकळी सोडली तर ६४ कोडॉन येतात, त्यातले तीन स्टॉप, म्हणजे प्रथिन तिथेच संपवणारे. म्हणून बहुतेक जण एनएनके वापरतात, म्हणजे तिसऱ्या जागी फक्त जी किंवा टी. कोडॉन ३२, वीसही अमिनो आम्लं येतात, स्टॉप एकच. ऐकायला छान. पण दहा जागांना एनएनके लावा: २७ टक्के आवृत्त्यांत कुठे ना कुठे स्टॉप आलेला असतो. पाव लायब्ररी जन्मतःच मेलेली.

दुसरी गोम याहून वाईट. एनएनकेत ल्युसिन, सेरिन, आर्जिनिनला तीन-तीन कोडॉन आहेत आणि ट्रिप्टोफॅन, मेथिओनिनला एकेकच. दहाही जागी ल्युसिन असलेली आवृत्ती दहाही जागी ट्रिप्टोफॅन असलेलीपेक्षा ३चा दहावा घात, म्हणजे ५९ हजार पटींनी जास्त वेळा सापडणार. निवडीत जे "जिंकलं" ते खरंच घट्ट चिकटलं म्हणून जिंकलं, की मुळात गर्दी त्याचीच होती म्हणून?

त्यामुळे ज्यांना परवडतं ते अक्षरागणिक न जोडता अख्खे कोडॉन जोडून डीएनए बनवून घेतात. आम्ही त्यांना ट्रायमर म्हणतो. स्टॉप नाही, सिस्टीन नको तर सिस्टीन नाही, टायरोसिन जास्त हवं तर जास्त. म्युनिकजवळच्या मॉर्फोसिसची हुकॅल लायब्ररी अशीच बनली होती आणि सोरायसिसवरची गुसेल्कुमॅब तिच्यातूनच आली. अलीकडे सिलिकॉन चिपवर हजारो क्रम एकेक करून छापूनही मिळतात, मग मोकळं काही सोडावंच लागत नाही, यादी द्यायची फक्त.

पाच जागांचा हिशेब देते. एनएनकेने ३२चा पाचवा घात म्हणजे ३ कोटी ३५ लाख. प्रत्येक आवृत्ती नळीत असण्याची खात्री ९५ टक्के हवी तर तिप्पट पेशी घ्या, म्हणजे १० कोटी. यीस्टची चांगली तयारी असेल तर जमतं. त्याच पाच जागा ट्रायमरने केल्या तर आवृत्त्या फक्त ३२ लाख. सहावी जागा घ्यायची की नाही हा वाद आमच्याकडे ग्राहकांशी नेहमी होतो. ते घ्या म्हणतात.

गणिती_गोंधळी

खारीबिस्कीट, भारी प्रतिसाद. पण सगळ्या आवृत्त्या नळीत असल्याच पाहिजेत असं का? पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) मुद्दाम चुका करत चालवायची, जे येईल ते यीस्टवर टाकायचं. फ्लुरेसिन या रंगद्रव्यावरची ४८ फेम्टोमोलरची (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) अँटिबॉडी याच पद्धतीने आली, विट्रप यांच्या गटाची, २०००ची.

खारीबिस्कीट

आली, आणि ती अजूनही डोळे दिपवते. पण पीसीआरच्या चुकीने एका कोडॉनमधलं सहसा एकच अक्षर बदलतं. एका अक्षराच्या बदलाने १९पैकी सरासरी सहाच अमिनो आम्लं गाठता येतात. उरलेल्या तेरांना दोन-तीन अक्षरं एकदम बदलावी लागतात, ते क्वचित. कुठे बदल करावा हेच माहीत नसेल तर चुकांची पीसीआर उत्तम, जागा शोधून देते. जागा कळल्यावर तिथे काय बसवायचं यासाठी ती तोकडी पडते.

अळूवडी

म्हणजे स्थळांच्या यादीसारखं झालं. यादीतच नसलेला मुलगा पसंत पडणार कसा!

नेत्रपल्लवी

डोळ्यांची डॉक्टर आहे, थोडा खडा टाकते. पकड वाढवली, २०पट केली, ७०पट केली... पेशंटला काय मिळालं?

माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देते. बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब दोन्ही मुळात एकाच उंदराच्या अँटिबॉडीवरून आल्या, दोन्ही व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन अडवतात. रॅनिबिझुमॅब म्हणजे नुसता हाताचा तुकडा, आणि फाजवर लायब्ररी करून त्याची पकड मूळ तुकड्याच्या वीसपटीहून वाढवलेली. २००६मध्ये अमेरिकेत डोळ्यासाठी मंजूर. बेव्हासिझुमॅबची मंजुरी कर्करोगासाठी; डोळ्यात ती आम्ही आमच्या जबाबदारीवर छोट्या डोसात देतो, कारण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. २०११मध्ये या दोघींची तुलना करणाऱ्या कॅट चाचणीचे वर्षभराचे निकाल आले. दर महिन्याला टोचलेल्या दोन्ही गटांत दृष्टीतली सुधारणा सारखीच! माझ्या ओपीडीत कुणी मला पकड विचारत नाही, किंमत विचारतात.

यीस्टमास्तर

डॉक्टर, खडा योग्य जागी पडला. रॅनिबिझुमॅबचा डोस ०.५ मिलिग्रॅम, रेणूचं वजन ४८ हजार डाल्टन, आणि डोळ्यातला द्रव साधारण ४ मिली. भागाकार केला तर टोचल्या-टोचल्या डोळ्यात अडीच मायक्रोमोलर औषध. चिकटायला नॅनोमोलरखालीच पुरतं. म्हणजे गरजेच्या हजारो पट औषध तिथे तरंगतंय. बेव्हासिझुमॅबचे १.२५ मिलिग्रॅम घेतले तर रेणू थोडे कमी, पण प्रत्येकाला दोन हात, त्यामुळे धरणारे हात उलट जास्तच. इतकं औषध असताना कोण जास्त घट्ट धरतं याला सुरुवातीला अर्थच उरत नाही. पातळी उतरत आली की फरक पडायला लागतो, आणि दर महिन्याला टोचलं तर ती वेळ फारशी येत नाही.

पण म्हणून पकड निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. डोस दहा मिलीवरून एका मिलीवर आणायचा, शिरेऐवजी पोटावर घरच्या घरी टोचायचा, तिथे पकड पैसे वाचवते. लायब्ररी आखण्याआधी "किती पकड पुरे" हा आकडा ठरलेला हवा. बऱ्याच ठिकाणी तो कुणी ठरवत नाही आणि मग शर्यत लागते.

नेत्रपल्लवी

हिशेब पटला. किमतीचं मात्र तुमच्या हातात नाही, हे मान्य करा. :)

यीस्टमास्तर

करतो!

मांजरीकर

आमच्या शेजारच्या सीरम इन्स्टिट्यूटने रेबीजची अँटिबॉडी काढली, कुत्रं चावल्यावर जखमेत टोचतात ती. तीही अशी लायब्ररीतून सुधारलेली आहे का? पुण्यात हे काम होतं का, एवढंच विचारायचं होतं.

यीस्टमास्तर

नाही, तिची वाट वेगळी. ती अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सबरोबर केलेली. मानवी अँटिबॉडीची जनुकं घातलेल्या उंदरांना लस देऊन त्यांच्यातून ती मिळवली. उंदराच्या शरीरानेच ती घासूनपुसून दिली होती. तिथे कस लागला तो जगभरातल्या रेबीजच्या वेगवेगळ्या वाणांना धरते का यावर. एकाच वाणावरची पकड शंभरपट करून उपयोग नव्हता.

यावरून एक सांगतो. आपलं शरीरही लायब्ररीच चालवतं. लसीकाग्रंथीत बी पेशी विभागताना त्यांच्या अँटिबॉडीच्या जनुकात दर विभाजनाला हजार अक्षरांमागे एक या बेताने बदल होतो. ज्या पेशीची पकड वाढली तिला पुढे जायला मिळतं. पण शरीर दुसरी परीक्षाही घेत असतं: जी पेशी आपल्याच ऊतींना चिकटायला लागते ती सहसा बाद होते. यीस्टच्या नळीत ही दुसरी परीक्षा नसते. ती आपण मुद्दाम घ्यावी लागते, म्हणजे आमिषाबरोबर इतर पेशींच्या प्रथिनांचं मिश्रण वेगळ्या रंगाने दाखवायचं आणि त्याला चिकटणारे फेकायचे. मोटाविझुमॅबच्या आधीच्या आवृत्त्यांत जे निसटलं ते हेच.

आणि शरीरात पकडीला छतही असतं. साधारण १०० पिकोमोलरच्या पुढे बी पेशीला आणखी घट्ट धरून फायदा मिळत नाही, त्यामुळे त्यापलीकडच्या अँटिबॉडी निसर्गात सहसा दिसत नाहीत. त्या हव्या असतील तर नळीच लागते.

गणिती_गोंधळी

आता मुद्द्यावर येऊ. हे सगळं जुनं होत चाललंय असं नाही वाटत? २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने नुसत्या प्रथिनांच्या भाषा-प्रारूपांना (प्रथिनांचे क्रम वाचून शिकलेले संगणकी प्रोग्राम) विचारलं की या अँटिबॉडीत कोणता बदल "स्वाभाविक" वाटतो. आमिष काय आहे हे प्रारूपाला सांगितलंच नाही. प्रत्येक अँटिबॉडीच्या वीसच्या आत आवृत्त्या बनवल्या, दोन फेऱ्यांत. आधीच पिकलेल्या, म्हणजे पकड वाढून झालेल्या, अँटिबॉडींची पकड सातपटीपर्यंत आणि कच्च्यांची १६०पटीपर्यंत वाढली. वीस आवृत्त्या! कोट्यवधींची नळी कशाला हवी मग?

खारीबिस्कीट

तो निबंध मलाही आवडला, त्यातले काही फायद्याचे बदल वेटोळ्यांत नव्हतेच, त्यांना आधार देणाऱ्या सांगाड्यात होते. तिथे आम्ही सहसा हातही लावत नाही. पण पिकलेल्यांना सातपट. सत्तरपट हवं असेल तर?

उलट मला झुरिकच्या ईटीएचचं २०२१चं काम जास्त पटतं. ट्रास्टुझुमॅब या कर्करोगावरच्या अँटिबॉडीच्या जड साखळीच्या तिसऱ्या वेटोळ्यातल्या दहा जागा घेतल्या. आधी एकेक जागा बदलून कुठे काय चालतं ते पाहिलं, त्यावरून जोड-बदलांची छोटी लायब्ररी आखली, सस्तन पेशींत तपासली आणि त्या सुमारे दहा हजार आवृत्त्यांवर प्रारूप शिकवलं. मग संगणकात दहा कोटी आवृत्त्या चाळल्या. चिकटतील असं प्रारूप म्हणालं त्यांतून पुढे द्रावणाचा दाटपणा, विद्राव्यता, शरीराची प्रतिक्रिया या कसोट्या लावल्या. प्रत्यक्ष बनवून पाहिलेल्या तीसच्या तीस एचईआर२ला, म्हणजे ट्रास्टुझुमॅब जे प्रथिन धरते त्याला, चिकटल्या. प्रारूप शिकलं कशावर? लायब्ररीवरच. नळी गेली नाही, तिचं काम बदललं. पूर्वी तिच्यातून विजेता काढायचे, आता विदा (डेटा) काढतात. आणि विदा काढायची असेल तर हरलेल्या आवृत्त्याही तितक्याच जपून मोजाव्या लागतात, हे बऱ्याच जणांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

गणिती_गोंधळी

हरलेल्यांच्या विदेबद्दल १०० टक्के सहमत. आम्हाला मिळतात त्या फायलींत फक्त विजेते असतात.

एमएस्सी_अंतिम

सगळं वाचलं, दोनदा. माझ्या प्रकल्पात एका अँटिबॉडीच्या तुकड्याची पकड वाढवायची आहे, यीस्टवर. बजेट बेताचं. ट्रायमर परवडणार नाहीत. कुठून सुरू करू?

खारीबिस्कीट

पाच जागा, एनएनके. जागा निवडण्याआधी रचना बघ किंवा निदान एकेका जागी ॲलॅनिन हे साधं अमिनो आम्ल टाकून बघ. ज्या जागी ॲलॅनिन टाकल्यावर सगळंच मोडतं ती जागा सोडून दे, तिच्या शेजारच्या घे.

साचा म्हणून मूळ जनुक तसंच वापरू नकोस. ज्या जागा बदलायच्यात तिथे आधी स्टॉप कोडॉन घातलेला साचा बनव. मग ज्या पेशींत बदल बसलाच नाही त्यांच्या अंगावर काही येणारच नाही. नाहीतर मूळ अँटिबॉडी तुझ्या लायब्ररीत हजारोंनी फिरते आणि पहिल्या फेरीत तीच वर येते.

आणि निवड करण्याआधी लायब्ररीचं डीएनए वाचून घे. नंतर नव्हे. आधीची गर्दी माहीत नसेल तर नंतरच्या गर्दीला अर्थ नाही.

यीस्टमास्तर

सहमत. माझी भर: दर फेरीला आमिष कमी कर. पकड नॅनोमोलरच्या खाली गेली की तेवढ्याने भागत नाही. मग खुणेचं आमिष चिकटू द्यायचं, वरून बिनखुणेचं भरपूर ओतायचं आणि तासन्तास थांबायचं. तरीही ज्यांनी खुणेचं सोडलं नाही ते उचल.

यादी वाचताना अस्पॅराजिनच्या मागोमाग ग्लायसिन दिसलं तर ती आवृत्ती कितीही घट्ट असो, बाजूला ठेव. साठवणीत तिथे रासायनिक बदल होतो. अस्पॅराजिन, मग प्रोलिन सोडून काहीही, मग सेरिन किंवा थ्रिओनिन असं आलं तर यीस्ट तिथे साखर चिकटवणार. सुटं सिस्टीन तर नकोच. २०१७मध्ये अडिमॅब कंपनीच्या लोकांनी १३७ अँटिबॉडी, सगळ्या माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या, अशा १२ कसोट्यांवर ताडून पाहिल्या होत्या. तो निबंध प्रकल्पाआधी वाच.

एमएस्सी_अंतिम

स्टॉपवाला साचा मागवतेय. मॅडमना धागा दाखवला. त्या म्हणाल्या, फक्त जड साखळीच का, हलकीतल्या दोन जागा पण घे, एकाच लायब्ररीत.

खारीबिस्कीट

मग सात जागा झाल्या. एनएनकेने ३२चा सातवा घात, ३,४०० कोटींच्या वर. यीस्टमध्ये मावणार नाही. हलकी घे, पण वेगळ्या नळीत. दोन्हीकडचे विजेते आले की तिसऱ्या नळीत त्यांची आपापसात जोडणी कर, तेव्हा आकडा काही हजारांचाच राहील. मॅडमना हा हिशेब दाखव.